महिपतची म्याडम

"बाय, वाट बरोबर हाय ना गो?"

महिपतने मागून विचारलं. मी पाय उचलत राहिले. ज्या माणसाने सकाळपासून एकाही जित्या माणसाला वाट विचारू दिली नव्हती, त्याला आता वाटेची काळजी पडली होती.

चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं होतं. भात कापून कधीच्या मोकळ्या पडलेल्या खाचरांतून आम्ही चाललो होतो. वाळलेली धसकटं चपलेच्या कडेने टोचत होती. माझ्या खांद्याला पिशवी, तिच्यात महिपतच्या मुलीच्या, मनस्वीच्या लग्नाची अक्षत, नारळ, सुपारी आणि तिच्या मामासाठी, राघोसाठी टोपी-उपरणं. महिपतच्या हातात गाडीची किल्ली, बस. गाडी मागे तळ्यात उभी होती, पुढची चाकं गाळात आणि तोंड पाण्याकडे, म्हैस पाण्यावर उतरते तशी. तरी हा किल्ली खिशात टाकायला तयार नव्हता. मधेच थांबायचा, मागे वळायचा आणि तिच्यावरचं बटण दाबायचा. मधे एक अख्खं टेकाड आलं होतं. तिथून ती गाडी काय ऐकणार?

"लॉक केलीस मघाशी," मी म्हटलं.

"काच राहिली वर करायची, असं वाटतंय."

"राहू दे. बेडूक बसतील आत. म्याडम त्यांना रस्ता सांगतील."

त्याने पुन्हा एकदा बटण दाबलं. म्याडमबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्याला आजही खपत नाही.

महिपत माझा चुलतभाऊ. मला किन्हवलीला दिली, तो सापगावातच राहिला. लहानपणापासून त्याला आवाजाचा भारी सोस. गावात लग्न निघालं की शहापूरहून भाड्याचा भोंगा यायचा, तो झाडावर चढून बांधायचं काम महिपतचं. पुढे त्याने स्वतःचे भोंगे घेतले, मग मोठाले स्पीकरचे डबे, मग मंडपाचे बांबू आणि कापडं. "महिपत मंडप आणि साऊंड" अशी पाटी घरावर लागली. कष्टाला तो कमी नव्हता, खोटं कशाला बोलू. पण एक खोड जन्माची. स्वतःच्या तोंडाने साधं चार शब्द बोलणं त्याला जमत नाही. बोलायचं काम यंत्राने करावं. पंगत बसली तरी हा वाढप्यांना "भात आणा" माईकवरूनच सांगणार. घरात काशीवर, म्हणजे त्याच्या बायकोवर, रागावला तर भांडणार नाही, टेपचा आवाज वाढवणार. आवाज किती मोठा त्यावरून शेजारच्यांना कळायचं, आज किती राग आहे.

अशा माणसाला देवाने ती गाडी दाखवली.

मुलुंडचा एक डॉक्टर होता, त्याचं मुरबाडकडे शेतघर. तिथल्या पूजेचा मंडप महिपतने घातला. डॉक्टर नवी गाडी घेणार होता, जुनी विकायची होती. चंदेरी रंगाची, लांबलचक. आणि समोर, जिथे आमच्या जीपगाड्यांत गणपती चिकटवलेला असतो, तिथे कंपनीनेच बसवलेला पडदा. रस्ता दाखवणारा, गाणी वाजवणारा आणि बोलणारा. महिपतने गाडीचं इंजिन बघितलं की नाही देव जाणे, पडदा मात्र पोटभर बघितला.

गाडी सापगावात आली त्या दिवशी जत्रा भरली दारात. हा चारी दारं उघडी टाकून आत बसलेला. किल्ली फिरवली की पडदा लगेच उजळत नाही. आधी काळा राहतो, मग कंपनीचं चिन्ह येतं, मग इंग्रजीत एक भली मोठी सूचना येते. तिला होकार देईपर्यंत ती हलत नाही. त्या सूचनेत काय लिहिलंय ते महिपतने आजवर कधी वाचलं नाही. त्याला इंग्रजी येत नाही, बटण कुठे दाबायचं ते येतं. मग एक गोल खटका फिरवत फिरवत गावाचं नाव घालायचं, इंग्रजीतलं एकेक अक्षर शोधत. मुरबाड असं नाव घालायला त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात किन्हवलीची एसटी निघूनही जायची. मग कुठे ती बाई बोलायची. लेफ्ट, राईट, स्ट्रेट. एवढे तीन शब्द महिपतला कळायचे आणि तेवढ्यावर तो तिला म्याडम म्हणायला लागला.

"म्याडम बोलल्या लेफ्ट, म्हंजी लेफ्ट."

"म्याडमना इचारा, आज भाजी काय करू," काशी म्हणायची.

त्या यंत्रात आधीच्या मालकाचं घरच 'घर' म्हणून नोंदलेलं होतं. ते पुसायला एक गुप्त आकडा लागायचा आणि डॉक्टर तो विसरला होता. त्यामुळे हा स्वतःच्या दारात गाडी लावून चुकून घराचं बटण दाबायचा तेव्हा म्याडम सांगायच्या, मागे वळा. त्यांच्या हिशेबी महिपतचं घर मुलुंडला. एकदा काशीने ताट वाढून ठेवलेलं, हा अजून गाडीत त्या बटणाशी खेळतोय. ती दारातून म्हणाली, "जा, तिकडंच जेवा. तिकडं पंखाबी असंल."

आणि गाण्यांचं तर विचारूच नका. ज्याने अर्ध्या तालुक्यात भोंगे बांधले, त्याच्या गाडीत एकच तबकडी, ती पण अडकलेली. डॉक्टरच्या बायकोची. एक बाई संथ आवाजात इंग्रजीतून श्वास घ्या, श्वास सोडा सांगते, मागे पाण्याचा खळखळाट. बटण दाबलं की तबकडी बाहेर यायचा आवाज येतो, तबकडी येत नाही. मिस्त्री म्हणाला, समोरचं सगळं खोलावं लागेल. महिपतने त्याला गाडीजवळ उभं केलं नाही. कंपनीचं काम आहे, गावठी हात लागायला नको. रेडिओ आमच्या बाजूला नुसता खरखरतो. मग काय, गाडीत दोन बाया. एक वाट सांगते, दुसरी श्वास. पहिली बोलायला लागली की दुसरी अदबीने थांबते. मग पुन्हा चालू.

वर्षं गेली तशी म्याडम म्हाताऱ्या झाल्या. नकाशाची तबकडी मागच्या डिकीत कुठेतरी असते म्हणे. नवी मिळेना, कंपनीने ती काढायचं बंद केलं. इकडे मोठमोठे रस्ते झाले, पूल झाले. म्याडमना पत्ता नाही. नव्या रस्त्याला गाडी लागली की पडद्यावर खाली काहीच नसायचं, नुसता बाण मोकळ्या रानात. त्या बिचाऱ्या सांगत राहायच्या, रस्त्यावर या. मनस्वी म्हणायची, "बाबा, फोनवर लावा ना. फोनमध्ये सगळं दिसतं."

"फोन पोरांचा खेळ. ह्यो कंपनीनं बसवलाय."

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाच्या गाडीचं एवढं काय मनावर घ्यायचं. मीही घेतलं नसतं. पण महिपत-काशीची सोयरीक मी जुळवलेली. काशी बोरीच्या पाड्याची, म्हसा गावाच्या पलीकडे. माझ्या ओळखीचं घर. तिच्या बाबांनी माझ्या शब्दावर मुलगी दिली होती. राघो तिचा एकुलता एक भाऊ.

मनस्वी तिसरीत असेल, तेव्हाची गोष्ट. पौषाचा महिना. बोरीच्या पाड्याहून सांगावा आला, बाबा गेले. काशीला घेऊन महिपत गाडीने निघाला. म्हशाच्या अलीकडे एक फाटा लागतो. जत्रेच्या दिवसांत आमच्याकडचं शेंबडं पोरही तिथे वळतं आणि मागच्या वाटेने जातं. कारण जत्रा भरली की म्हशात गाडी जात नाही. बैलांचा बाजार, घोंगड्यांची पालं, पाळणे, मिठाईची दुकानं, सगळं रस्त्यावर. महिपतला हे ठाऊक नव्हतं का? त्याच जत्रेत त्याने कित्येक वर्षं भोंगे लावले होते. पण म्याडम म्हणाल्या स्ट्रेट. काशी म्हणाली, अहो, जत्रा हाय, वळा. हा म्हणाला, म्याडम सरळ बोलतायत म्हंजी वाट मोकळी असंल.

गाडी बैलांच्या मधोमध जाऊन अडकली. ना पुढे, ना मागे. तिरडी उचलायची वेळ होत आलेली. काशी दार उघडून उतरली आणि गर्दीतून पळत सुटली. चप्पल कुठे पडली तिला कळलं नाही. पाड्यावर पोचली तेव्हा चितेला आग लागलेली होती. बापाचं तोंड तिला दिसलं नाही.

महिपत दिवस कलल्यावर आला. पोलिसांनी अडवून ठेवलं, म्हणाला. गाडी सोडून जायचं नाही, वाहतूक अडली तर तुझ्यावर केस घालू, असं म्हणाले म्हणे. काशीने ते खरं धरलं. मीही धरलं. जत्रेत पोलिस असतातच. राघो मात्र त्यानंतर सापगावच्या घराची पायरी चढला नाही. ना दिवाळीला, ना मनस्वी दहावी झाली तेव्हा. भाऊबीजेला काशी एकटी एसटीने जायची आणि एकटी परत यायची. मी एकदा राघोला टोकलं, की अरे, एका चुकलेल्या रस्त्यापायी किती वर्षं रुसशील? तो म्हणाला, "अंबूताय, रस्त्यावर माझा राग नाय." मला वाटलं, भावाचं मन, दुसरं काय.

आता मनस्वीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. आमच्या घराण्यात मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, मुलीच्या मामाच्या हाताने पुरतात. अंतरपाटामागे मुलीच्या पाठीशी मामाच उभा राहतो. आणि मामाला अक्षत द्यायला बापाने स्वतः जायचं. माणूस धाडून चालत नाही, फोन तर नाहीच. काशी जास्त बोलत नाही. यंदा एवढंच म्हणाली, "माझा भाव आला नाय तर मी मांडवात बसनार नाय. लावा मंग तुमी लगीन, माईकवरून."

म्हणून हे चालणं.

सकाळी महिपत मला घ्यायला किन्हवलीला आला. अक्षत पहिली घरच्या देवापुढे ठेवली होती, तीच पिशवी मांडीवर घेऊन मी बसले. म्हशापर्यंत कुणी चुकलं नाही. पुढे ओढ्याच्या पुलाचं काम चाललेलं. पाटी होती, मराठीत, आंधळ्यालाही वाचता येईल एवढ्या अक्षरात, की रस्ता बंद, वाडीवरून वळा. दोन कामकरी उभे होते, त्यांनी हातही केला. महिपतने काच वर केली आणि थांबून खटका फिरवला. सासुरवाडीची जागा त्याने गाडी नवी असताना खूण करून ठेवली होती. म्याडमनी क्षणभर गोल गोल चक्र फिरवलं आणि म्हणाल्या, लेफ्ट.

"विचारूया ना त्यांना," मी म्हटलं.

"कशाला? जवळचा रस्ता दावतायत म्याडम."

रस्ता होता, नाही असं नाही. डांबर होतं. पण डांबराच्या भेगांतून गुडघाभर गवत आलेलं आणि दोन्हीकडची करवंदीची जाळी काचेला घासत होती. ना माणूस, ना शेणाचा पो.

"महिपत, ह्या रस्त्यानं कुणी जात नाय रे."

"डांबर हाय ना गो? मंग रस्ता हाय."

"स्ट्रेट," म्याडम म्हणाल्या.

उतार आला. पुढे तळं दिसलं. मधल्या काळात कधीतरी बांध घालून पाणी अडवलेलं आणि उन्हाळ्याने ते पार आत गेलेलं. काठाला सुकलेला गाळ, वरून भेगाळलेला, ओट्यासारखा टणक दिसणारा. डांबर त्या गाळाखाली गेलं होतं. महिपतला वाटलं, पलीकडे निघेल. मी देवाचं नाव घेईपर्यंत पुढची चाकं पापुद्रा फोडून आत गेली. गाडी थांबली. पाण्यात एक बगळा उभा होता, तो उडाला सुद्धा नाही. म्याडम पुन्हा म्हणाल्या, स्ट्रेट. त्या थांबल्या तशी ती दुसरी सुरू झाली, श्वास घ्या.

मी दार उघडून उतरले. घोट्यापर्यंत चिखल. पिशवी डोक्यावर घेतली, अक्षतीला तेवढा चिखल लागू दिला नाही. फोनला रेंज नव्हती. बांधावर एक म्हातारी शेळ्या चारत होती, तिने कमरेवर हात ठेवून आम्हाला पाहिलं.

"ह्या रस्त्यानं कोन धाडला गो तुमाला?"

"एक बाई हाय," मी म्हटलं.

"कवाशी मेलेली असंल," म्हातारी म्हणाली. "ह्यो रस्ता बुडून पाच-सहा पावसाळं झालं." आणि बोटाने पायवाट दाखवली.

तीच वाट आम्ही चालत होतो.

मोहाच्या झाडाखाली थोडं थांबलो. तिथे शेंदूर लावलेला दगड होता, मी हात जोडले. महिपत सावलीत टेकला. त्याच्या पांढऱ्या पँटीला मांडीपर्यंत गाळ वाळला होता. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

"आज सोडलीस गाडी," मी म्हटलं. "तळ्यात सोडून आलास. त्या दिवशी नाय सुटली."

"पोलिस होते गो. किती येळा सांगू?"

"आज चिखल हाय."

"बाय, तू लय टोचून बोलतंस."

"मग बटण दाब. मी गप्प होते का बघ."

तो उठला आणि यावेळी माझ्या पुढे चालायला लागला. एका ठिकाणी दोन वाटा फुटल्या तेव्हा उभा राहिला. मी मुद्दाम मागेच थांबले. खालच्या विहिरीवर एक माणूस इंजिन चालू करत होता. महिपत तिकडे उतरला, त्याच्याशी बोलला, परत आला. "खालची," म्हणाला, एवढंच. सबंध आयुष्यात मी त्याला कुणाला वाट विचारताना पाहिलं ते हे पहिल्यांदा. मला हसू आलं, ते मी पदराआड ठेवलं.

पाड्यावर पोचलो तेव्हा राघो ओटीवर सुपारी कातरत बसला होता. केस पिकलेले, बाकी तसाच. मला पाहून उठला, पाया पडला. महिपतला म्हणाला, "बसा." जिवलीने, त्याच्या बायकोने, पाय धुवायला पाणी आणलं. महिपतच्या पायांवरून ओघळलेला गाळ पाहून तिने आणखी एक कळशी आणली आणि तोंड दुसरीकडे वळवून हसली.

"गाडी कुठं?" राघोने विचारलं.

"तळ्यात."

"कुठल्या?"

"ते पुलाचं काम चालू हाय ना, तिथनं आत जुना रस्ता…"

"आमची ढोरंबी जात नायत तिकडं."

"म्याडम…" महिपतने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं तसं मिटलं.

मी पिशवी उघडली. आधी नारळ, मग अक्षत, रीतीप्रमाणे महिपतच्या हातात दिली. महिपतने ती दोन्ही हातांनी पुढे केली. "मनस्वीचं लगीन हाय. मामानं यावं." एवढं मात्र तो स्वतः बोलला. 

राघोने हात पुढे केला नाही. अडकित्ता खाली ठेवला.

"चालत आलात?"

"हो."

"गाडी सोडून?"

"हो."

"मंग तवा का नाय आलात, दाजी?"

"तवा पोलिसांनी…"

"पोलिस नवते." राघोचा आवाज चढला नाही. "आमच्या पाड्याचा मंगळू घोंगडी घ्यायला गेला व्हता. तुमच्या गाडीच्या बाजूलाच पालाखाली उभा व्हता. तुमाला वळखून व्हता. एक पोलिस तिथं फिरकला नाय. तुमी काचा वर करून आत बसला व्हता. बैल जवळ आला का फडकं घेऊन उतरायचा, शिंग लागलं का काय ते बघायचा, पुसायचा, परत आत. आत कोन बाई विंग्रजीत बोलत व्हती. बाजार मोडला, रस्ता सुटला, मंग आलात. तवर माझा बाप राख झाला व्हता. माझी बहीन एकटी, बिनचपलेची, मानसांना ढकलीत आली. तिच्यासंगं चालायला तुमाला जमलं नाय. गाडीला ओरखडा पडला असता."

 जिवली दारात उभी होती, ती आत गेली. माझ्या हातातलं उपरणं हातातच राहिलं. आजवर त्या गाडीला, त्या पडद्याला मी इतकं काही बोलले होते. आणि ही गोष्ट मला माहीतच नव्हती. म्याडमने त्याला बैलांत नेलं, ठीक. पण आत बसून राहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे त्याला लेफ्ट-राईट कुणी म्हणत नव्हतं. ते त्याचं स्वतःचं.

महिपत खाली पाहत होता. नाही म्हणाला नाही.

"एवढं ठावं व्हतं तर काशीला का नाय सांगितलंस?" मी राघोला विचारलं.

"पोरगी तिसरीत व्हती, अंबूताय. सांगितलं असतं तर ती त्याच पावली पोरगीला घेऊन हितं आली असती. मला तिचं घर मोडायचं नवतं. पन ह्यांच्यासमोर बसून, या दाजी, च्या घ्या, असं बोलून हसायला मला येईना. म्हनून मी यायचंच सोडलं."

मग तो महिपतकडे वळला. "मनस्वीनं काय केलंय माझं? मी मेढ पुरायला येईन, तिच्या पाठीशी उभा राहीन. पन आदी काशीला तुमी खरं सांगायचं. मी नाय सांगनार. तिनं समदं ऐकून मला ये बोललं, तर ही अक्षत मी कपाळाला लावीन. नाय बोलली, तर नाय."

त्याने महिपतच्या हातातली अक्षत घेतली नाही. जिवली बाहेर आली, तिने पदर पसरून ती घेतली आणि आत देवाजवळ ठेवली. परत केली नाही, एवढंच काय ते.

"मी ट्रॅक्टरवाल्याला बघतो," राघो चपला घालत म्हणाला. "गाडी काडायला पायजे. तिच्यावर काय राग धरायचा." आणि गेला.

आम्ही दोघं ओटीवर राहिलो. जिवलीने चहा ठेवला, तो तसाच गार होत होता. महिपतने किल्ली कधी खिशात टाकली ते मला कळलं नाही. त्याचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. गुडघ्यावर ठेवायचा, उचलायचा.

 आता हा काय म्हणणार ते मला पाठ होतं. म्हणणार, बाय, तूच सांग काशीला, तुझं ती ऐकते, माझ्या तोंडातून निघणार नाय. याला बोलायला कायम दुसरं कुणीतरी लागतं. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, आणि ते चांगलं झोंबणारं होतं.

"बाय," तो म्हणाला.

"बोल."

"आज संध्याकाळी सांगतो काशीला. मीच सांगतो."

 तयार केलेलं उत्तर गिळायला वेळ लागतो.

"तू येशील घरी? बाजूला बसशील?"

"बसते. अडलास तर पुढचं मी सांगीन, काळजी नको करू," मी म्हटलं, आणि तेही जरा टोचूनच.

"नाय गो." त्याने मान हलवली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी अडलो तरी तू बोलायचं नाय. एक शब्दबी सांगायचा नाय मला. कितीबी येळ लागू दे. एवढं कर. आन् तवर उठून जाऊ नको."